एका खोलीत अनेक कान

ज्या घरात बसण्याउठण्याची, अभ्यासाची, जेवणाची आणि रात्री अंथरुणे घालण्याची खोली एकच असते, त्या घरात आवाजाचा प्रश्न पैशाच्या प्रश्नाइतकाच नाजूक असतो. पैशाची तंगी घरातील सर्वजण मिळून सोसतात. आवाज मात्र एकजण करतो आणि तो बाकीच्यांना सोसावा लागतो. मुलगी दहावीच्या परीक्षेचा अभ्यास करीत कोपऱ्यात बसलेली आहे, थोरला रात्रपाळी करून येऊन भर दुपारी निजलेला आहे, आजीला कानांनी कमी ऐकू येते म्हणून टीव्ही मोठा लावलेला आहे, आणि धाकट्याच्या हातातील मोबाइलमध्ये क्रिकेटचा सामना रंगात आला आहे. अशा घरात दिवसातून चार वेळा तरी "आवाज कमी कर रे!" ही हाक उठते. ती हाक प्रथम सौम्य असते, मग चढते, आणि अखेर ज्या गोष्टीचा आवाजाशी काहीएक संबंध नाही अशी एखादी जुनी गोष्ट उकरून काढून भांडण होते.

ह्यावर उपाय म्हणून पुष्कळ घरांतून आता हेडफोन घेतला जातो. परंतु तो घेताना बहुतेकजण रंग पाहतात, किंमत पाहतात आणि खोक्यावर छापलेले मोठमोठे आकडे पाहतात. मग घरी आणल्यावर असे आढळते की, ज्याने तो कानांवर चढविला त्याला गाणे ऐकू येतेच, शिवाय शेजारी निजलेल्यालाही त्या गाण्याची चिरचिर ऐकू येते. पैसे गेले आणि भांडण राहिले. म्हणून सामाईक खोलीसाठी हेडफोन कसा निवडावा, ह्याविषयी चार गोष्टी ह्या खेपेस सांगाव्या असे ठरविले आहे.

प्रथम थोडा इतिहास, कारण तो मौजेचा आहे. अमेरिकेतील यूटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने १९१० च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन तयार केले आणि ते तेथील नौदलाने विकत घेतले. मोठ्या प्रार्थनामंदिरातील प्रवचन आपल्याला नीट ऐकू येत नाही, ह्या अडचणीतून ह्या गृहस्थास आवाज वाढविण्याच्या यंत्रांचा नाद लागला असे सांगतात. प्रवचन करणारांनी ह्यातून काय तो बोध घ्यावा! पुढे १९२० नंतर रेडिओ आला, तेव्हा साध्या स्फटिकाच्या रेडिओत कर्णा वाजविण्याइतकी शक्तीच नव्हती. ऐकावयाचे तर हेडफोन लावूनच. आपल्याकडे मुंबईचे ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तेव्हाही असे रेडिओ प्रचारात होते. त्या काळी परदेशांतील कित्येक घरांत लोक काय करीत, तर हेडफोन एखाद्या खोलगट वाडग्यात ठेवीत आणि सारे कुटुंब त्या वाडग्याभोवती डोकी जुळवून ऐकत बसे. एकट्याचे यंत्र सर्वांना पुरावे ह्यासाठी त्यांची ती धडपड होती. आज आपली धडपड नेमकी उलट आहे. संगीत ऐकण्यासाठी म्हणून स्टिरिओ हेडफोन अमेरिकेतील जॉन कॉस ह्यांनी १९५८ साली बाजारात आणला, आणि तेव्हापासून एकट्याने ऐकण्याची ही चाल घरोघर पसरत गेली.

आता मुख्य मुद्दा. हेडफोनच्या प्रत्येक वाटीत एक पातळ पडदा असतो. विजेच्या प्रवाहाने तो पुढेमागे हलतो आणि हवेला धक्के देतो; त्या धक्क्यांनाच आपण आवाज म्हणतो. परंतु पडदा पुढे सरकतो तसा मागेही सरकतो. म्हणून जितका आवाज कानाच्या दिशेला जातो, तितकाच वाटीच्या पाठीकडे निघतो. ह्या मागच्या आवाजाचे काय करावयाचे, ह्यावरून हेडफोनच्या दोन जाती पडतात. एका जातीत वाटीची पाठ जाळीची असते आणि मागचा आवाज सरळ बाहेर सोडून दिला जातो. जर्मनीतील सेनहायझर कंपनीने १९६८ साली असा उघड्या पाठीचा हेडफोन काढला. पिवळ्या स्पंजाच्या गाद्यांचा तो हेडफोन फार लोकप्रिय झाला. दुसऱ्या जातीत पाठ भक्कम बंद असते आणि मागचा आवाज वाटीतच कोंडून, आत बसविलेल्या कापसासारख्या किंवा स्पंजाच्या थरात जिरविला जातो. दुकानदार ह्यालाच क्लोज्ड बॅक म्हणतात. आपण बंद पाठीचा म्हणू.

संगीताचे मोठे शोकीन उघड्या पाठीच्या हेडफोनची फार वाखाणणी करतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. त्यात आवाज मोकळा वाटतो. गायक आपल्या डोक्याच्या आत न बसता समोर बसला आहे असा भास होतो. ज्याला स्वतंत्र खोली आहे, दार लावून घेण्याची सोय आहे, त्याने तो खुशाल घ्यावा. परंतु एका खोलीत चारपाच माणसे राहतात तेथे तो घेणे म्हणजे लहानसा कर्णाच घेणे होय. कितीही महाग घेतला तरी ह्यात फरक पडत नाही. पुष्कळ महाग हेडफोन उघड्या पाठीचे असतात, हे ध्यानात ठेवावे. दूरवर नोकरीस असलेला एखादा आप्त प्रेमाने मोठी भेट पाठवितो आणि ती सामाईक खोलीत निरुपयोगी ठरते, असे घडू शकते. भेट मागवावयाची असेल तर पाठीला जाळी नसावी एवढे आधी कळवावे.

बंद पाठीचा फायदा शेजाऱ्याला होतो तसाच ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या कानालाही होतो, आणि माझ्या मते हा दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे. भोवती पंखा फिरत असेल, भांडी वाजत असतील, कोणी बोलत असेल, तर आपण नकळत हेडफोनचा आवाज त्या सगळ्याच्या वर नेतो. बंद वाटी बाहेरचा गलबला काही अंशी अडविते, म्हणून आतला आवाज कमी ठेवूनही भागते. सामान्य चांगला बंद हेडफोन बाहेरच्या आवाजातून दहा ते वीस डेसिबल कापतो. सेनहायझरच्या एचडी २८० प्रो ह्या हेडफोनविषयी कंपनी ३२ डेसिबलपर्यंत सांगते. मात्र असे आकडे उंच पट्टीच्या आवाजांपुरतेच असतात. शिट्टी, बांगड्यांची किणकिण, 'स' आणि 'श' ही अक्षरे हे सर्व वाटी सहज अडविते. पंख्याची घरघर आणि रस्त्यावरील ट्रकचा गुरगुराट मात्र बराचसा आत येतो.

डेसिबल हे माप आपल्या शेराकिलोसारखे सरळ नाही, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. ह्या मापात ३ ची भर पडली की ध्वनीची शक्ती दुप्पट होते, आणि १० ची भर पडली की ती दसपट होते. आपल्या कानाला मात्र ती वाढ सुमारे दुपटीची वाटते. म्हणजे कान फसतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, ही मर्यादा सांगितली आहे. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, आणि ९२ ला आठवड्यात अवघे अडीच तास. आता पाहा, एखादा मुलगा पंख्याच्या घरघरीवर मात करावी म्हणून आवाज ९ डेसिबलने चढवितो. त्याला तो दुप्पटही वाटत नाही, परंतु त्याच्या कानाचा आठवड्याचा शिधा ४० तासांवरून ५ तासांवर आलेला असतो. कानाच्या आतील ज्या सूक्ष्म रोमपेशी आवाज ग्रहण करतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. गेलेला दात लावून घेता येतो. ह्या पेशींची तशी सोय नाही.

बंद हेडफोन निवडताना सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती, असे मला कोणी विचारले, तर मी कंपनीचे नाव सांगणार नाही. गादी कानाभोवती नीट बसते की नाही ते पाहा, असे सांगेन. सायकलच्या पंपाचे वायसर झिजले असले तर दांडा कितीही जोराने दाबा, हवा चाकात जात नाही, बाजूने निसटते. तसेच येथे घडते. वाटी, गादी आणि गाल ह्यांच्यामध्ये हवा कोंडली गेली तरच खर्जाचा आवाज कानापर्यंत पोचतो. गादीखाली चष्म्याची काडी आली, कानातील मोठी कुडी आली, केसांचा जाड अंबाडा आला, की फट पडते; त्या फटीतून खर्ज निसटतो आणि वरचा चिरका आवाज तेवढा उरतो. ऐकणाऱ्याला वाटते की हेडफोन हलका आहे. तो आवाज वाढवितो. तोच वाढलेला आवाज त्याच फटीतून खोलीत जातो. म्हणून पारख अशी करावी: हेडफोन चढवून गाणे लावावे आणि दोन्ही वाट्या तळहातांनी कानांवर हलकेच दाबाव्या. दाबल्याबरोबर खर्ज एकदम वाढला, तर तो हेडफोन आपल्या डोक्याला बसत नाही असे समजावे. दाबूनही फारसा फरक पडला नाही, तर तो बसला. घरात जे जे तो वापरणार असतील त्या सर्वांनी, चष्मा लावणारांनी चष्मा लावूनच, ही परीक्षा करावी.

वाटी कानाला वेढणारी असावी, कानावर टेकणारी नसावी. टेकणाऱ्या लहान वाट्या दिसावयास सुबक असतात, परंतु कानाच्या पाळीचे उंचवटे सर्वांचे वेगवेगळे असल्याने त्यांना बंदिस्तपणा क्वचित् साधतो, आणि अर्ध्या तासात पाळी दुखू लागते. कानाच्या छिद्रात घालावयाची बोंडे स्वस्त असतात आणि बाहेरचा आवाजही चांगला अडवितात, हे खरे. पण एकाच्या कानातून काढून दुसऱ्याच्या कानात घालणे आरोग्याला बरे नाही, आणि एक वस्तू चौघांनी वापरावयाची असेल तर ती पुसून घेता येण्याजोगी हवी. कानात मळ धरणाऱ्यांना तर बोंडे मुळीच मानवत नाहीत.

आता बंद पाठीचा एक दोषही सांगितला पाहिजे. रिकाम्या घागरीत तोंड घालून बोलले म्हणजे आवाज कसा घुमतो, ते आपणांस ठाऊक आहेच. बंद वाटी ही लहानशी घागरच होय. मागचा आवाज आत नीट जिरला नाही, तर तो उलटून पडद्यावर येतो आणि काही ठरावीक सूर उगीच फुगतात. स्वस्त मालात ही घूम झाकण्याऐवजी उलट तिचीच जाहिरात केली जाते. खोक्यावर 'एक्स्ट्रा बास' असे ठळक छापलेले असते. तो ढमढमाट दुकानात दोन मिनिटे ऐकावयास बरा वाटतो. घरी तासभर ऐकला की डोके जड होते. पारखण्यासाठी ढमढम गाणे लावूच नये. प्रथम ओळखीच्या माणसाचे बोलणे ऐकावे: आकाशवाणीवरील बातम्या, एखादे भाषण. निवेदक मडक्यात बसून बोलतो आहे असे वाटले तर तो हेडफोन परत ठेवावा. मग लता मंगेशकरांचे एखादे जुने, कमी वाद्यांचे गीत किंवा भीमसेन जोशी ह्यांचा एखादा अभंग ऐकावा. तंबोऱ्याचे सूर आणि तबल्याचा बाया वेगवेगळे ऐकू येतात का, की दोन्ही मिळून एक काला होतो, ते पाहावे. ज्यांच्या घरी व्हायोलिन आहे किंवा जी मुले गायनवृंदात गातात, त्यांना ही पारख विशेष शिकवावी लागत नाही.

कागदावरील आकड्यांपैकी फार थोडे उपयोगाचे असतात. माणसाचा कान लहानपणी सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो, आणि वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. म्हणून ४०,००० हर्ट्झ असे छापलेले पाहून हुरळून जाऊ नये. ते आवाज वटवाघळांच्या कामाचे. पडदा ४० मिलिमीटरचा की ५० चा, ह्यावरूनही काही ठरत नाही. पाहावयाचा आकडा एक, तो म्हणजे ओहम. साध्या मोबाइलला जोडावयाचा हेडफोन ३२ किंवा फार तर ६० ओहमच्या आसपासचा असावा. बायरडायनॅमिक ह्या जर्मन कंपनीचा डीटी ७७० प्रो हा बंद पाठीचा हेडफोन ३२, ८० आणि २५० अशा निरनिराळ्या ओहमांत निघाला. दिसावयास सारे भावंडांसारखे. त्यातील २५० चा मोबाइलला लावला तर आवाज मरतुकडा येतो. त्याला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर लागतो. सवलतीत मिळाला म्हणून नेमका तोच घेऊन येणारे पुष्कळ असतात.

नावे घेतलीच आहेत तर आणखी दोन घेतो. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ साली निघाला. तो ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांतून वापरण्यासाठी केलेला, ६३ ओहमचा आणि वजनाला सुमारे २३० ग्रॅम आहे. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स हा २०१४ चा, ३८ ओहमचा आणि सुमारे २८५ ग्रॅमचा. ह्या जातीचे हेडफोन कामगारासारखे असतात. दिव्यांचा लखलखाट नाही, पण त्यांच्या गाद्या सुट्या मिळतात आणि दीर्घकाळ मिळत राहतात. दुसऱ्या कंपनीचा घ्यावयाचा असला तरी ही एक चौकशी अवश्य करावी: गादी बदलता येते काय, आणि वायर सुटी होते काय? एम५०एक्सची वायर सुटी होते. ७५०६ ची होत नाही. लहान मुलांच्या घरात प्रथम वायरच तुटते.

आपल्या हवेत गाद्यांचा प्रश्न वेगळाच आहे. रेक्झिनसारख्या गाद्या आवाज उत्तम कोंडतात, पण वैशाखात त्यांच्याखाली घामाच्या धारा लागतात. आणि दोनतीन पावसाळे गेले की त्यांचे पापुद्रे निघून कानांभोवती काळी पूड चिकटते. हा दमट हवेचा परिणाम आहे. त्यात कोणी फसविलेले नसते. मखमली गाद्या, जशा डीटी ७७० ला असतात, घामात सुखाच्या; पण त्यांतून आवाज किंचित् अधिक झिरपतो आणि धूळही बसते. माझी शिफारस अशी की, खोलीत लहान मूल किंवा आजारी माणूस निजत असेल तर रेक्झिनची घ्यावी आणि वापरल्यावर कोरड्या फडक्याने पुसावी. अन्यथा मखमली घ्यावी. पावसाळ्यात हेडफोन भिंतीच्या ओलीपासून दूर, कापडी पिशवीत ठेवावा.

वायरीचा की बिनवायरीचा? तरुण मंडळी ह्या प्रश्नाला प्रश्नच मानीत नाहीत. पण तितक्याच पैशांत वायरीचा हेडफोन आवाजाला सामान्यतः सरस मिळतो, चार्ज करावा लागत नाही, वीज गेली तरी अडत नाही, आणि त्याच्या पोटात कालांतराने मरणारी बॅटरी नसते. उलटपक्षी, खोलीच्या मध्यातून टीव्हीपर्यंत गेलेली वायर म्हाताऱ्या माणसाच्या पायांत येते, आणि ते पडणे हेडफोनच्या किमतीहून फार महाग पडते. टीव्हीसाठी म्हणून बिनवायरीचा बरा. त्यात आवाज कधीकधी सेकंदाच्या दहाव्यापाचव्या हिश्श्याने मागे पडतो आणि ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. म्हणून घेण्यापूर्वी आपल्याच टीव्हीला जोडून बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे. बिनवायरीचाच घेणार असाल तर बॅटरी संपल्यावर वायर लावून चालणारा घ्यावा. नवीन मोबाइलांपैकी पुष्कळांना हेडफोनच्या पिनेचे छिद्र नसते. त्यासाठी लहान जोडणी मिळते, तीही त्याच दिवशी घ्यावी.

बाहेरचा आवाज विजेने खोडून काढणारे हेडफोन आता खूप विकले जातात. ह्यांच्या इतिहासात अमर बोस ह्या बंगाली पित्याच्या, अमेरिकेत प्राध्यापक असलेल्या पुत्राचे नाव मोठे आहे. १९७८ साली विमानप्रवासात त्यांना ही कल्पना सुचली आणि १९८९ साली वैमानिकांसाठीचा पहिला हेडफोन बाजारात आला. पंखा, कूलर, इंजिन ह्यांची एकसुरी घरघर हे यंत्र उत्तम मारते. माणसांचे बोलणे आणि भांड्यांचा खणखणाट तितका मारत नाही. परंतु एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही करामत ऐकणाऱ्याच्या कानात येणाऱ्या आवाजापुरतीच आहे. हेडफोनमधून खोलीत झिरपणारा आवाज तिने कमी होत नाही. शेजारी निजलेल्यासाठी जे करावयाचे ते बंद पाठ आणि घट्ट गादीच करते.

आवाज बाहेर किती येतो हे पाहण्याची बहुतेकांची रीत चुकीची असते. ते हेडफोन हातात धरतात आणि "बाहेर ऐकू येतो की!" म्हणतात. हातात धरलेल्या वाटीचे तोंड उघडेच असते. कोणताही हेडफोन असा वाजणारच. तो एकाने कानांवर चढवावा, रोजच्या आवाजात लावावा, आणि दुसऱ्याने हातभर अंतरावर, शक्य तर रात्री सर्व निजानीज झाल्यावर पंखा बंद करून बसावे. दुपारी ऐकू न येणारी चिरचिर रात्री स्पष्ट ऐकू येते. विकत घेतल्यावर आठवडाभरात परत करण्याची सवड आहे ना, हे ह्यासाठी विचारून ठेवावे.

आता आजीआजोबांविषयी. वयोवृद्ध माणूस टीव्ही मोठा लावतो तेव्हा तो हट्ट करीत नसतो; त्याला खरोखरच ऐकू येत नसते. पण तसे सांगणे त्याला जड जाते, आणि घरचे दहांदा "आवाज कमी करा" म्हणाले की तो टीव्ही बंद करून भिंतीकडे तोंड करून बसतो. अशा वेळी त्याच्या डोक्यावर हेडफोन चढविण्याआधी कानांची तपासणी करून घ्यावी. कदाचित् नुसता मळ असेल; कदाचित् श्रवणयंत्र लागेल. हेडफोन हा श्रवणयंत्राच्या जागी चालत नाही, कारण तो टीव्ही ऐकवील, नातवंडांचे बोलणे ऐकवणार नाही. श्रवणयंत्र लावणाऱ्याने मोठ्या वाटीचा हेडफोन त्यावरून घालून पाहावा. कधी जमते, कधी यंत्र शिट्टी घालू लागते. काही टीव्हींत हेडफोन आणि टीव्हीचा स्वतःचा आवाज दोन्ही एकाच वेळी चालू ठेवण्याची सोय असते. ती असेल तर फार उत्तम. आजोबांच्या कानात त्यांच्यापुरता मोठा, खोलीत सर्वांपुरता मध्यम. कार्यक्रम एकच राहतो आणि त्यावर बोलणेही सर्वांचे होते. घरातील वडीलधाऱ्याला हेडफोन देताना ती भेट म्हणून द्यावी, बंदोबस्त म्हणून देऊ नये. हा भेद त्यांच्या लगेच ध्यानात येतो.

आणखी एका गोष्टीचा विचार घरोघर व्हावयास हवा. आपल्या घरांत हाक मारली की ओ द्यावयाची, हा शिरस्ता आहे. रात्री आजी पाणी मागते, तापलेले मूल कण्हते, परसात कोणीतरी घसरते. ती हाक ज्याच्या कानी पडते तो उठतो. बंद हेडफोन लावलेल्याच्या कानी ती पडत नाही. तो दुष्ट झालेला नसतो, पण हाक मारणाऱ्याला ते कसे कळावे? दोनदा हाक मारून ओ आली नाही की म्हातारे माणूस तिसऱ्यांदा मारीत नाही. म्हणून घरात हेडफोन आला त्याच दिवशी ठरवून घ्यावे: रात्री आजारी माणसाजवळची पाळी ज्याची असेल त्याने हेडफोन लावू नये, चुलीवर किंवा गॅसवर काही असताना, लहान मूल एकटे सांभाळताना, एक वाटी कानामागे सरकवून ठेवावी, आणि हेडफोन लावलेल्याला मागून येऊन दचकवू नये, समोर येऊन हात दाखवावा. झोपताना तो लावून झोपू नये. वायर गळ्याशी येते, आणि रात्रभर कानांत आवाज ओतणे चांगले नाही. आजीसाठी म्हणाल तर उशाशी एक लहान घंटी ठेवण्यापेक्षा तिच्या अंथरुणाजवळ ज्याने निजावयाचे त्याचे नाव पक्के करणे मला अधिक बरे वाटते.

मुलांच्या बाबतीत मोबाइलमध्येच आवाजाची कमाल मर्यादा घालून ठेवता येते. ती सोय बहुतेक नव्या मोबाइलांत असते, आणि काहींत तर आठवडाभरात कानांनी किती आवाज घेतला ह्याची नोंदही दिसते. ती नोंद रविवारी एकदा मुलांबरोबर बसून पाहावी. सोपी खूण अशी की, हेडफोन लावलेल्या मुलाशी हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोलावे, त्याला काहीच कळले नाही आणि तो ओरडून "काय?" म्हणाला, तर आवाज दोन पायऱ्या खाली आणावा. बंद वाटीतून बोलणे थोडे दबूनच ऐकू येते, म्हणून पहिल्या दिवशी गाणे बंद ठेवून हेच एकदा करून पाहावे, म्हणजे वाटीने दबणारे किती आणि गाण्याने बुडणारे किती हे त्यालाही समजेल.

हेडफोनची पावती आणि खोके वर्षभर जपून ठेवावे, आणि दुसऱ्या वर्षी गाद्या दबून चपट्या झाल्या की नवा हेडफोन घेण्याऐवजी आधी नव्या गाद्या घालून पाहाव्या. कित्येकदा गेलेला खर्ज तेवढ्यानेच परत येतो.